धिरड्याचे पोट कच्चे का राहते?

घरी धिरडी होत असताना कधी तरी तुम्हीही उलथने हाती घेतले असेल. पीठ जरा जास्त पडते, धिरडे जाड होते, खालची बाजू करपू लागते आणि मोडून पाहावे तर आत ओले पीठ! दोष तुमच्या हाताचा नाही, उष्णतेच्या वाटेचा आहे. ही अडचण जपानी आणि आल्बेनियन स्वयंपाकघरांनी दोन निराळ्या युक्त्यांनी सोडविली आहे. त्या आपण पाहू आणि मग दोन्हींचा मेळ घालू.

तव्याला टेकलेल्या पिठाला उष्णता वहनाने मिळते. पण पीठ उष्णतेचे दुर्वाहक आहे. थराची जाडी दुप्पट झाली, की उष्णता आरपार पोचण्यास सुमारे चौपट वेळ लागतो. शिवाय आत पाणी आहे तोवर तेथील तापमान १००° से.च्या वर जात नाही. तळाचे पाणी मात्र उडून गेलेले असते. म्हणून तळ १४०° से.च्या पुढे तापतो, तांबूस होतो आणि शेवटी करपतो.

आता जपानची युक्ती पाहा. ओसाका शहराचा ओकोनोमियाकी हा पदार्थ चांगला जाडजूड असतो. 'ओकोनोमि' म्हणजे आवडीप्रमाणे आणि 'याकी' म्हणजे भाजलेले. गव्हाच्या पिठात अंडे, किसलेला नागाइमो हा कंद आणि भरपूर चिरलेला कोबी घालून तो तापलेल्या लोखंडी पत्र्यावर भाजतात. कोबीच्या वजनात दहांपैकी नऊ भागांहून अधिक पाणी असते. त्याची वाफ पिठातील पोकळ्यांतून वर चढते आणि थंड पिठाला लागून तिचे पाणी होते. १ ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते! शिवाय कोबीच्या तुकड्यांमुळे पीठ एकसंध गोळा न राहता पातळ पापुद्र्यांत विभागले जाते.

आल्बेनियन लोकांची तऱ्हा वेगळी. उत्तर आल्बेनिया आणि कोसोव्हो येथे फ्लिया नावाचा पदार्थ करतात. पीठ, पाणी आणि मीठ यांचे सरबरीत पीठ पसरट परातीत सूर्यकिरणांसारख्या पट्ट्यांनी ओततात. वर साच नावाचे घुमटाकार, तापलेले लोखंडी झाकण ठेवतात. थर भाजला की त्यावर साय किंवा लोणी फासून पुढचा थर ओततात. हे काम काही तास चालते. झाकण वरून का? खालून उष्णता दिली, तर तिला आधी शिजलेले सारे थर ओलांडावे लागतील. वरून येणारे प्रारण मात्र थेट ओल्या थरावर पडते.

यातून चवीचाही उलगडा होतो. पीठ तांबूस होताना अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात अभिक्रिया होऊन खमंग वास व चव निर्माण होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी तिचे वर्णन १९१२ मध्ये केले. ओकोनोमियाकीच्या दोनच बाजू तांबूस होतात. फ्लियाचा थरन् थर भाजलेला असल्याने खमंगपणा आतही असतो. जपानी लोक आतली चव दाशी नावाच्या पाण्यातून आणतात. कोम्बू हे समुद्रशैवाल आणि वाळविलेल्या माशाच्या चकत्या यांपासून दाशी करतात. कोम्बूतील या चवीचे कारण ग्लुटामेट आहे, हे किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये शोधले आणि त्या चवीला 'उमामी' असे नाव दिले. सोयाबीनच्या सॉसमध्येही ग्लुटामेट असते.

प्रयोग (तापलेले तवे मोठ्या माणसांनीच हाताळावेत)

साहित्य : मैदा २ वाट्या, पाणी अडीच वाट्या, मीठ, चिरलेला कोबी दीड वाटी, सोयाबीनचा सॉस १ चमचा, दही, लोणी, खारवलेले पनीर, कांद्याची पात, तेल.

कृती : १. मैदा, पाणी व मीठ कालवून पिठाचे तीन सारखे भाग करा.

२. पहिल्या भागात कोबी व सॉस मिसळा. काठ असलेल्या तव्यात तेल सोडून दीड सेंटिमीटर जाडीचे धिरडे घाला. मंद आचेवर झाकून ५-६ मिनिटे भाजा व उलटा.

३. दुसऱ्या भागाचा अगदी पातळ थर त्यावर ओता. दुसरा लोखंडी तवा खूप तापवून काठांवर उपडा ठेवा. तो पिठाला टेकता कामा नये. निवला की पुन्हा तापवा. थर शिजला की दही-लोणी फासून पुढचा ओता. असे तीन थर करा. शेवटी पनीर व पात पेरा.

४. तुलनेसाठी तिसऱ्या भागाचे, कोबी न घालता, तेवढ्याच जाडीचे लहान धिरडे तेवढ्याच आचेवर, तेवढाच वेळ भाजा.

निरीक्षण : दोन्ही धिरडी मधोमध कापा. ओलसर, चिकट पीठ कोठे आढळते? तांबूस रेषा किती दिसतात? वहीत आकृती काढून नोंदवा.

आता एक प्रश्न. गोव्यात बिबिंक करताना थरावर थर ओततात आणि निखारे झाकणावर ठेवतात. असे का, ते आता तुम्हीच सांगा!