भीती वाटली म्हणून विश्वास आटत नाही

अगं, काल फोनवर तू विचारलंस, "ताई, गाठीचा रिपोर्ट यायचाय, प्रार्थनेला बसले की पोटात गोळा येतो, तोंडून शब्द फुटत नाही. माझा विश्वासच कमी पडतोय का गं?" घाईघाईत उत्तर द्यायचा हा प्रश्न नाही, म्हणून आज निवांत लिहितेय.

आधी एक मनाशी पक्कं कर. घाबरणं हे पाप नाही. गेथशेमानेच्या बागेत प्रत्यक्ष प्रभूचा जीव कासावीस झाला होता आणि मार्काने ते जराही झाकून ठेवलेलं नाही. हे माझ्यावरून टळू दे, अशी विनवणी त्याने पित्याला तीनदा केली. त्या रात्री त्याला सोबतही हवी होती. पेत्र, याकोब आणि योहान यांना त्याने मुद्दाम जवळ नेलं, जागे राहा म्हणून सांगितलं. त्यांना झोप लागली, ती गोष्ट वेगळी. पण प्रभूला माणसांची सोबत मागावीशी वाटली, तर तू कसला संकोच करतेस? मंडळीतल्या एखादीला सरळ सांग, "मला भीती वाटतेय, जरा येऊन बस."

एलीयाची गोष्ट तर मला फार जवळची वाटते. कर्मेल डोंगरावर साऱ्या लोकांसमोर ठाम उभा राहिलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने जीव मुठीत धरून पळाला. रानात एका झुडपाखाली बसला आणि आता मरण दे म्हणाला. तिथे देवदूत आला. त्याने ना उपदेश केला, ना तो रागावला. त्याला हलवून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने त्याला पुन्हा उठवून खायला लावलं, कारण पुढचा पल्ला लांबचा होता. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला, ते या सगळ्यानंतर. म्हणून सांगते, रिकाम्या पोटी आणि जागरणाने तारवटलेल्या डोळ्यांनी देवाशी झटत बसू नकोस. आधी दोन घास खा, अंग टाक. तेही त्याच्याच हातून मिळतंय असं समज.

आणि शब्द सुचत नाहीत ना? मग उसने घे. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी गाऱ्हाणी आहेत. तेराव्या स्तोत्राच्या सुरुवातीलाच, आणखी किती काळ, असं देवाला चार वेळा विचारलंय. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे असलं बोलणंही देवाला चालतं. रात्री झोप उडाली की यातलं एखादं मोठ्याने वाच. मनातल्या मनात वाचलं की भीती मध्येच बोलू लागते. आपला आवाज कानावर पडला की श्वासही जरा संथ होतो.

"विश्वास ठेवला असतास तर घाबरली नसतीस," असं सांगणाऱ्या बायकाही भेटतील. त्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं.

आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंचं बघ. दुष्काळात आई-वडील गेले, थोरली बहीण गेली. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, 1882 मध्ये, नवरा पटकीने गेला. पदरी तान्ही मुलगी. पुढे 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा ही बाई स्वतः तिथे गेली आणि उपाशी मुलींना घेऊन आली. ज्या संकटाने माहेर नेलं, त्याच्याच तोंडात ती पुन्हा शिरली. प्रभू संकटं टाळतो असा तिचा अनुभव नव्हताच. संकटात तो बरोबर असतो, एवढ्यावर ती चालली.

तुलाही मी एवढंच सांगू शकते. रिपोर्ट चांगलाच येईल, असं काही मी लिहून देणार नाही. तसं वचन शास्त्रानेही दिलेलं नाही. तेविसाव्या स्तोत्रातही मेंढपाळ कळपाला अंधाऱ्या दरीतूनच नेतो, फक्त त्याला एकटं सोडत नाही. रिपोर्ट कसाही आला तरी त्या दिवशी तो तिथे असेल.

डॉक्टर सांगतील ते औषध वेळेवर घे. ओळीने काही रात्री झोप लागत नसेल तर तेही त्यांच्या कानावर घाल. सुवार्ता लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, तेव्हा दवाखान्यात जाणं म्हणजे अविश्वास असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. रिपोर्ट आणायला एकटी मात्र जायचं नाही. तारीख कळव, मी येते.