जेड म्हणून विकत घेण्याआधी

चि. मुक्ता हिस,


जयपूरहून पाठवलेले दगडाचे फोटो पाहिले. रंग देखणा आहे, पण एवढ्यावर जेडचे पैसे मोजू नकोस. बाजारात ज्याला ‘इंडियन जेड’ म्हणतात तो एव्हेंच्युरिन, म्हणजे गारगोटीच्या कुळातला दगड. ‘न्यू जेड’ म्हणजे सर्पेंटाइन. खरं जेड दोनच प्रकारचं, नेफ्राइट आणि जेडाइट. ही दोन वेगळी खनिजं आहेत हे दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८६३ मध्ये दाखवलं.

दुकानदार दगडानं काच ओरखडून दाखवील. गारगोटीही काच ओरखडते, तेव्हा त्यावर जाऊ नकोस. हाताला गार लागतो म्हणेल, तर गार कुठलाही दगड लागतो. कोरलेल्या वस्तूवर सुरी तर कधीच चालवू नकोस. दुसऱ्याच्या मेहनतीवर चरा उठतो.

त्यापेक्षा वजन कर. आधी कोरडा तुकडा तोल. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आण. तुकडा बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडव, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नकोस, बुडबुडे चिकटले तर झटकून टाक. आता दिसणाऱ्या आकड्यानं कोरड्या वजनाला भाग. ६० ग्रॅमचा तुकडा २० दाखवत असेल तर उत्तर ३. नेफ्राइट याच्याच आसपास येतं. जेडाइट ३.३ च्या थोडं वर, एव्हेंच्युरिन २.६५ च्या जवळ, सर्पेंटाइन बहुधा त्याहून किंचित हलका. तुकडा फार लहान असेल तर या आकड्यावर विसंबू नकोस.

मग दहापट भिंग लाव. एव्हेंच्युरिनमध्ये अभ्रकाचे कण चमचमतात, काचेत गोल बुडबुडे दिसतात, रंगवलेल्या दगडात रंग भेगांत साचलेला असतो. आम्लात धुऊन राळ भरलेलं जेडाइट मात्र वजनाला आणि भिंगालाही चकवू शकतं. महाग तुकडा असेल तर प्रयोगशाळेत अवरक्त किरणांची तपासणी करून घे.

एवढा आग्रह का, तर आपण कोरणारी माणसं. टोंकच्या नमद्यात, म्हणजे दाबून केलेल्या जाजमात, लोकरीचे धागे जसे एकमेकांत गुंततात, तसे नेफ्राइटचे तंतू गुंतलेले असतात, म्हणून ते सहजी तुटत नाही. शाहजहानचा १६५७ चा पांढऱ्या नेफ्राइटचा पेला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याची पातळ कड आणि बकऱ्याच्या डोक्याची मूठ या चिवटपणामुळेच शक्य झाली. सर्पेंटाइनमध्ये तेवढं पातळ जाऊ नकोस. सरावाला तो चांगला, मऊ दगड आहे. त्याच्या स्वतःच्या नावानं खुशाल विक.

आणि दगड कोणताही निघो, घासताना पाण्याची धार सोडू नकोस, मास्क काढू नकोस. एव्हेंच्युरिनच्या धुळीत सिलिका असते, सर्पेंटाइनमध्ये कधीकधी ॲस्बेस्टॉसचे तंतू. खंबायतच्या अकीक घासणाऱ्यांची फुप्फुसं अशाच धुळीनं गेली.

वजनाचे दोन्ही आकडे कळव. तोवर पैसे देऊ नकोस.

तुझा,
मामा