सायकलचा दिवा जड कां लागतो?

आम्ही शाळेंत असतां घरीं परततांना वाटेंत एक चढ लागे. टायरवरून डायनामो दूर केला कीं सायकल हलकी होई. म्हणून तेथें आम्ही दिवा घालवीत असूं. एके सायंकाळीं त्या काळोखांत एका वृद्ध गृहस्थांस आमचा धक्का लागला. रागें न भरतां त्यांनीं इतकेंच विचारलें, "बाळ, दिवा इतका कां रे जड असतो?"

तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हालविल्यास तारेंत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हें मायकेल फॅरेडे यांनीं १८३१ सालीं दाखविलें. डायनामोंत हेंच घडतें. त्याचें लहान चाक टायरला टेकून फिरतें व आंतील चुंबकास फिरवितें. नेहमींचा डायनामो ६ व्होल्ट व ३ वॅटचा असतो, पैकीं २.४ वॅट पुढच्या दिव्यास, ०.६ मागच्यास. (पुढचा बल्ब गेला कीं मागचा इवलासा बल्बही लागलाच जातो, कारण सारा प्रवाह त्या एकट्यावर येतो.)

बेताच्या वेगानें जाणारा मनुष्य सुमारें ७५ वॅट शक्ति खर्चितो. त्यांत ३ वॅट ते काय? मग पाय कां भरून येतात? विद्यार्थ्यांनीं सायकल उलटी उभी करून चाक जोरानें फिरवावें व फेरे मोजावे. नंतर दिव्याची तार काढून, डायनामो टायरला टेकवून, तसेंच करावें. दिवा लागत नसतांही चाक लौकर थांबतें! अर्थात् पुष्कळसे श्रम टायरच्या घर्षणांत व डायनामोच्या पोटांतच जिरतात. अशा डायनामोची कार्यक्षमता शेंकडा २० ते ४० च असते. ३० धरल्यास ३ वॅटांसाठीं १० वॅट मोजावे लागतात. पावसांत चाक घसरतें तें निराळेंच.

चाकाच्या हबांतच बसणारा डायनामो इंग्लंडांत स्टर्मी-आर्चर कंपनीनें १९३६ सालीं पुढें आणला. त्यांत टायरचें घर्षण नाहीं. हल्लींचे या जातीचे चांगले डायनामो शेंकडा ६० पर्यंत काम देतात, म्हणजे १० वॅटांच्या जागीं ५ पुरतात. शिवाय आतांचा एलईडी दिवा तितक्याच विजेंत जुन्या बल्बाच्या कित्येक पट उजेड देतो.

मोबाईलचें काय, असें मुलें विचारतातच. ५ व्होल्टांवर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट, एवढेंच त्यास मिळतें. १५ वॅट-तासांची बॅटरी भरण्यास ६ तासांहून अधिक काळ पायडल मारावें लागेल. दोन्ही एकदम जोडल्यास दिवा मंदावतो. तेव्हां काळोखांत मोबाईल काढून ठेवावा.