आयनी द्रवांत धातूंचे अब्जांश कण

'अब्जांश' अथवा 'नॅनो' हा शब्द अलीकडे खतांच्या व औषधांच्या बाटल्यांवर वरचेवर दिसूं लागला आहे. तांब्याचे किंवा रुप्याचे असे कण कसे तयार होतात हें ठाऊक असल्यावांचून त्या बाटलीची खरी किंमत करतां येणार नाहीं. म्हणून हे कण करण्याच्या एका रीतीचा परिचय आम्ही येथें करून देत आहों. ही रीत प्रयोगशाळेंतील आहे. शेतावर करून पाहण्याजोगी नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. सामान्यतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांस अब्जांश कण म्हणतात. एक सेंटीमीटर बाजूचा तांब्याचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटीमीटर भरतो. त्याच तांब्याचे दहा-दहा नॅनोमीटर बाजूचे घन पाडले, तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर, म्हणजे सुमारें सहा गुंठे होईल! धातूची क्रिया पृष्ठभागावर घडत असल्यामुळें थोड्या धातूंत पुष्कळ काम होतें. तेलाचें वनस्पती तूप करणारे कारखाने निकेलची अतिशय बारीक पूड वापरतात, तें याच कारणानें.

परंतु धातू बारीक करणें हें अर्धेंच काम. खरी अडचण पुढेंच आहे. इतके लहान कण एकमेकांस चिकटून मोठे होऊं पाहतात. दुधांतील स्निग्धाच्या कणांभोंवतीं पातळ वेष्टन असतें, तोंवर ते वेगळे राहतात. घुसळण्यानें तें वेष्टन फुटलें कीं लोण्याचा गोळा जमतो. धातूच्या कणांचेंही तसेंच आहे. मायकेल फॅरडे यांनीं १८५७ सालीं पाण्यांत सोन्याचे असे सूक्ष्म कण करून माणकासारखा तांबडा द्रव मिळविला. पण त्यांत थोडें मीठ पडतांच तो निळसर होई, कारण कण एकत्र येत. याकरितां पाण्यांत कण करावयाचे झाल्यास गोंदासारखा एखादा रक्षक पदार्थ निराळा घालावा लागतो.

आयनी द्रवांत असा निराळा रक्षक पुष्कळदां लागत नाहीं. आयनी द्रव म्हणजे साध्या उष्णतेवरही पातळ राहणारा क्षार. आपलें खाण्याचें मीठ ८०१ अंश सेंटिग्रेडला वितळतें. खतांतील प्रसिद्ध अमोनियम नायट्रेट सुमारें १७० अंशांवर वितळतें (हें कोणीं तापवून पाहूं नये, तें स्फोटक आहे). त्यांतील अमोनियमच्या चार हायड्रोजनांपैकीं एकाच्या जागीं इथिल गट बसविला, तर तोच क्षार १२ अंशांवर द्रव होतो. हें पॉल वाल्डेन यांनीं १९१४ सालीं प्रसिद्ध केलें. कारण सोपें आहे: बेढब दगडांची भिंत नीट रचतां येत नाहीं, त्याप्रमाणें बेढब आयनांचा घट्ट स्फटिक सहजीं होत नाहीं.

आज या कामीं बहुधा इमिडाझोलियम वर्गाचे क्षार घेतात. त्यांत धातूचें संयुग विरघळवून हायड्रोजन वायू दाबाखालीं सोडला, म्हणजे धातू मोकळा होतो व त्याचे अणु जमून कण बनतात. भोंवतालचे धन व ऋण आयन त्या कणाला वेढून बसतात आणि दुसऱ्या कणास जवळ येऊं देत नाहींत. ब्राझीलमध्यें ड्युपाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं या रीतीनें इरिडियमचे सुमारें दोन नॅनोमीटरचे कण केले. त्यांच्या योगें घडलेला माल निराळा थर होऊन वर राही. तो ओतून घेऊन कणांसह खालचा द्रव पुन्हा कामास लावतां येई.

जपानांत तोरिमोतो, कुवाबाता आदि संशोधकांची २००६ सालची युक्ति आम्हांस याहून सुंदर वाटते. निर्वात पात्रांत सोन्याच्या पत्र्यावर वायूच्या आयनांचा मारा करावयाचा, व उडालेले सोन्याचे अणु खालीं ठेवलेल्या आयनी द्रवावर पडूं द्यावयाचे. निर्वातांत पाणी उकळून जाईल. हा द्रव मात्र जवळजवळ उडत नाहीं. क्षपणाचें रसायन लागत नसल्यानें त्याचा उरलेला मळही राहत नाहीं.

न उडण्याच्या याच गुणावरून हे द्रव 'निरुपद्रवी' म्हणून वाखाणले गेले. आम्हांस ही स्तुति अपुरी वाटते. हवा बिघडत नाहीं हें खरें; पण इमिडाझोलियमची कार्बनची शेपटी जितकी लांब, तितका तो क्षार शेवाळास व जलचरांस सामान्यतः अधिक विषारी होतो. हेक्झाफ्लोरोफॉस्फेट असलेले द्रव पाण्याच्या संपर्कांत हळूहळू कुजून काच खाणारें हायड्रोफ्लोरिक आम्ल सोडूं शकतात. असा द्रव ओढ्याविहिरींत जाऊं देणें सर्वथा अयोग्य होय.

आतां बाटलीकडे वळूं. २०२१ सालीं आपल्याकडे आलेला नॅनो युरिया धातूचा नव्हे, तेव्हां त्याचा येथें संबंध नाहीं. मोरचूद व चुना कालवून बोर्डो मिश्रण करणाऱ्या द्राक्षबागाईतदारास आपण काय फवारतों हें ठाऊक असतें. धातूच्या अब्जांश कणांविषयीं तेंच ज्ञान त्यानें विक्रेत्याकडे मागावें: धातू शेंकडा किती, कण कोणत्या द्रवांत केले, तो द्रव मागाहून काढून टाकला कीं नाहीं, आणि कणांभोंवतीं वेष्टन कशाचें. माल बुरशीनाशक म्हणून विकला जात असेल, तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर पाहावा. रुपें जंतुनाशक आहे. तें रोगाचे जंतु व मुळांवरील उपकारक जंतु असा भेद करीत नाहीं. आणि जी बाटली जोरानें हलवूनही तळचा गाळ मिसळत नाहीं, तिच्यांतील कण बहुधा एकमेकांस चिकटून गेलेले असतात. मग चिठ्ठीवर कांहींही छापलेलें असो.