प्रतिद्रव्य खालीं पडतें काय ?

चैत्रांत मोहाचीं फुलें झाडाखालीं पडतात. तीं आकाशांत कां जात नाहींत, असें कोणी विचारीत नाहीं. परंतु सृष्टींत प्रतिद्रव्यही आहे. त्याच्या कणांचा विद्युद्भार आपल्या द्रव्याच्या उलट असतो, व दोहोंची गांठ पडतांच दोन्ही नष्ट होऊन ऊर्जा प्रकट होते. १९३२ सालीं अँडरसन यांस असा पहिला कण, पॉझिट्रॉन, सांपडला. इलेक्ट्रॉनवर आदळून तो कसा विखुरतो याचें गणित मुंबईचे होमी भाभा यांनीं १९३६ सालीं प्रसिद्ध केलें. प्रतिद्रव्य खालीं पडतें कीं वर जातें, हें मात्र कोणी पाहिलें नव्हतें. कारण भारित कणास यत्किंचित् विद्युत्प्रेरणाही गुरुत्वाहून अधिक जोरानें ओढते.

म्हणून जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेंत शास्त्रज्ञांनीं भाररहित असे प्रतिहायड्रोजनाचे अणु निर्माण केले, चुंबकांच्या योगें उभ्या नळींत अधांतरीं कोंडिले, आणि वरचा व खालचा चुंबकीय बांध हळूहळू सैल केला. अणूंस स्वतःची गति असल्यामुळें कांहीं वर निसटले. पण शेंकडा सुमारें ८० खालींच गेले. हा निकाल २०२३ सालीं प्रसिद्ध झाला.

मोजलेलें त्वरण साध्या द्रव्याच्या सुमारें पाऊणपट भरलें. मोजमापांतील संभाव्य चूक ध्यानीं घेतां तें त्याच्याइतकेंही असूं शकेल. दिशा ठरली, मान अधिक सूक्ष्मपणें मोजणें उरलें.

विद्यार्थिमित्रांनो, बहुतेकांचा तर्क खरा ठरला. तथापि मोजून पाहिल्यावांचून तर्कास ज्ञान म्हणूं नये.