'वळणे' आणि 'वळविणे' : एक शब्दाभ्यास

मार्ग बदलण्याची क्रिया सांगण्यासाठी मराठीत 'वळणे' हे क्रियापद आहे. दोरी वळणे, लाडू वळणे, गुरे वळणे, बोबडी वळणे असे त्याचे इतरही उपयोग आपण नित्य करतो. येथे मात्र आम्ही दिशा बदलण्याच्या अर्थापुरताच विचार करीत आहोत.

या अर्थाने 'वळणे' हे अकर्मक आहे. जो वळतो तोच कर्ता. 'वळविणे' हे त्याचे प्रयोजक रूप होय. तेथे वळणारा एक व वळविणारा दुसरा असतो. कोयना नदीचे उदाहरण घ्या. महाबळेश्वरहून दक्षिणेकडे आलेली कोयना हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते व कऱ्हाडला कृष्णेस मिळते. परंतु १९६० च्या दशकात अभियंत्यांनी धरण बांधून व सह्याद्रीत बोगदा खणून तिचे पाणी पश्चिमेस पोफळीच्या वीजगृहाकडे वळविले. ते पुढे वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रास मिळते. नदी एकच, पण पहिल्या वाक्यात कर्ता नदी आहे, दुसऱ्यात माणूस.

आता तिसरे रूप पाहा : 'वळविण्यात आले'. 'पुलाच्या कामामुळे वाहतूक वळविण्यात आली आहे' या वाक्याने कोणाचे बिघडत नाही, कारण खाली पर्यायी रस्ता दिलेला असतो. पण 'वसतिगृहाचा निधी अन्यत्र वळविण्यात आला' असे वाक्य अहवालात आले तर? कोणी वळविला, कोठे वळविला, हे दोन्ही त्यातून गळाले. वसतिगृहातील मुलांच्या ताटाशी ज्याचा संबंध, तीच गोष्ट अशी वाक्यरचनेत लपते.

आम्ही बँकेतील माणसे याच धातूचा 'वळती करणे' असा प्रयोग करतो. रक्कम वळती करताना ती कोणाच्या नावे पडली व कोणाच्या खाती जमा झाली, हे दोन्ही लिहावेच लागते. खाली सही लागते. हीच शिस्त भाषेतही हवी.

म्हणून 'वळविण्यात आले' असे वाचनात येताच चार प्रश्न विचारावेत : कोणी? काय? कोठून? कोठे? संस्थेचे इतिवृत्त लिहितानाही कर्ता गाळू नये. 'मुलगा वाणिज्य शाखेकडे वळला' आणि 'मुलाला वाणिज्य शाखेकडे वळविले' यांतील फरक पालकांनीही जरूर ध्यानात घ्यावा.