नादाची ओढ आणि पोटापाण्याची वाट

पानशेत-वरसगावच्या काठावर आणि भोरहून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला फार्मस्टे नि शिबिरांच्या जागा वाढल्या आहेत. शनिवार-रविवारी आलेल्या पाहुण्यांसाठी काही ठिकाणी ट्रेक आणि चुलीवरच्या जेवणाबरोबर ‘साउंड हीलिंग’चं सत्रही असतं. सतरंजीवर डोळे मिटून पडायचं, भोवती काशाचे वाडगे आणि गाँग घुमत राहतात, तासाभराने माणूस हलका होऊन उठतो. ते पाहून बारावीतली मुलगी घरी सांगते, ‘मला हेच करायचंय’, आणि आईवडिलांच्या पोटात गोळा येतो.

पालकांना माझं सांगणं असं, की मुलीला एकदम ‘नाही’ म्हणू नका. तिची ओढ खरी असेल तर ती जपण्यासारखी आहे. फक्त क्रम ठरवून घ्या: आधी मान्यताप्राप्त पदवी, वाडगे त्यानंतर.

या क्षेत्रात खरं काय आणि फुगवलेलं काय, ते आधी पाहू. सुरुवात नादापासूनच करू. नसरापूरच्या बनेश्वराच्या मंदिरात गेलात तर तिथली मोठी घंटा जरूर पाहा. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली ही पोर्तुगीज घंटा; तिच्यावर क्रूस आणि १६८३ हे साल आहे. अशा घंटेवर टोल पडला की आधी धातूचा ठणका येतो, वरचे स्वर भराभर विरतात आणि खालचा घुमारा बराच वेळ मागे राहतो. काठाला अलगद बोट लावलं तर कंप हाताला कळतो. तांब्यात साधारण पाचवा हिस्सा कथील मिसळलं की असा दीर्घ नाद देणारा, पण ठिसूळ धातू तयार होतो. साउंड हीलिंगचे चांगले वाडगेही याच जातीच्या काशाचे असतात.

तो नाद ऐकून मन निवतं, हे बहुतेकांच्या अनुभवाचं आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वाडग्यांच्या सत्रानंतर ६२ जणांचा ताण आणि चिडचिड कमी झालेली दिसली. मात्र तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, त्यामुळे गुण वाडग्यांचा की तासभर शांत पडून राहण्याचा, हे त्यावरून ठरवता येत नाही. गुणगुणताना नाकातल्या नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं, हे स्वीडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये मोजून दाखवलं. भ्रामरी प्राणायाम करणाऱ्यांना ते वाचून बरं वाटेल. पण अमुक हर्ट्झचा स्वर डीएनए दुरुस्त करतो किंवा गाठ विरघळवतो, या दाव्यांना काहीही आधार नाही. आणि इथे कायदाही आडवा येतो. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्यानुसार कर्करोग, मधुमेह, अपस्मार, बहिरेपणा अशा आजारांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही. कोर्स विकणारे हे सहसा सांगत नाहीत. अशी जाहिरात मुलीच्या नावाने निघाली तर अडचणीत तीच येईल.

दोन दिवसांचा ‘लेव्हल वन’, मग ‘लेव्हल टू’, मग ‘मास्टर’, अशी प्रमाणपत्रं सहज मिळतात. त्यांच्यामागे कुठलीही वैधानिक नोंदणी नाही. त्यांच्या जोरावर रुग्णालयात नोकरी लागत नाही, बँकेत कर्जासाठीही त्यांचं वजन पडत नाही. फार्मस्टेचं काम हंगामी असतं. पावसाळी सहलींचा भर ओसरला की तारखा रिकाम्या. पूरक उत्पन्न म्हणून ते ठीक आहे, पण घर त्याच्यावर चालेल असं मी कुठल्याही पालकाला सांगणार नाही.

नादाने माणसं बरी करण्याचं, निदान त्यांचं आयुष्य बदलण्याचं पक्कं शिक्षण मात्र भोरपासून फार लांब नाही. त्याचं नाव बीएएसएलपी, म्हणजे श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी. इंटर्नशिपसह चार वर्षं. पुण्यात शिरतानाच धनकवडीला भारती विद्यापीठात हा अभ्यासक्रम आहे. मुंबईत नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तो शिकवतात. ही संस्था १९८३ ची. बारावी विज्ञान शाखेतून हवी. प्रवेश कुठे नीटवर, कुठे वेगळ्या परीक्षेवर होतो, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचा. पदवीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी होते आणि तिच्यावर व्यवसाय उभा राहतो.

या कामातली एक तपासणी सांगतो. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या कानात लहानशी प्रोब ठेवतात आणि तिच्यातून हलके टिकटिक आवाज सोडतात. आतला शंख निरोगी असेल तर तिथल्या केसपेशी स्वतःच एक क्षीण प्रतिध्वनी परत पाठवतात आणि यंत्र तो टिपतं. बाळ जागंही होत नाही. प्रतिध्वनी आला नाही तर पुढच्या तपासण्या, मग श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट. लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी केंद्राच्या एडिप योजनेतून ७ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. वेल्ह्याच्या (आता राजगड तालुका म्हणायचं) एखाद्या वाडीत ‘बापही उशिराच बोलला होता’ म्हणून पोराची तपासणी लांबते आणि भाषा शिकण्याची मोलाची वर्षं हातची जातात. देशात ऐकू येण्याची लक्षणीय अडचण असलेले सुमारे ६.३ कोटी लोक आहेत, असं राष्ट्रीय बहिरेपणा नियंत्रण कार्यक्रमाची कागदपत्रं सांगतात. अर्धांगवायूनंतर वाचा गेलेले आजोबा, तोतरं बोलणारा मुलगा, हेही याच तज्ज्ञाकडे येतात. भोरचीच मुलगी हे शिकून भोरला परतली तर तिला माणसं शोधत फिरावं लागणार नाही.

जिचा गळा किंवा हात खरोखर संगीतात आहे, तिला म्युझिक थेरपी हा दुसरा रस्ता आहे. पुदुच्चेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातच हे शिक्षण मिळतं. अमेरिकेत या पदवीसाठी १२०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं. असं शिक्षण घेण्याआधी इथे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारदपर्यंत जावं आणि सोबत मानसशास्त्राची पदवी घ्यावी. महाराष्ट्रात कार्ल्याला वैद्य बालाजी तांबे यांनी संगीताचा उपयोग केला, तोही आयुर्वेदाच्या उपचारांना जोडून. वाडगे शिकायचे तर तेही याच शिस्तीने, हाताशी एक भक्कम विद्या असताना शिकावेत. समुपदेशक, परिचारिका किंवा योगशिक्षिका आपल्या कामात हे सत्र घालते तेव्हा कुठे थांबायचं आणि रुग्णाला डॉक्टरकडे कधी पाठवायचं, हे तिला कळत असतं.

पालकांनो, कुठल्याही कोर्सचे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: मान्यता कोणाची, प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे तास किती, आणि आधीच्या तुकडीतली मुलं आज काय करतात. आणि फॉर्म भरण्याच्या आत मुलीला पुण्यातल्या एखाद्या वाचा-श्रवण विभागात, परवानगी घेऊन, एक दिवस बसवून आणा.